पार्लरताई आणि तिकडचा करंट

नागपुरातल्या आमच्या धंतोलीच्या गल्लीतल्या पार्लरताईच्या डाव्या कानावरची एक बट कायम करपलेली असायची. केस सरळ करायची मशीन गिऱ्हाइकाला लावायच्या आधी ती स्वतःच्या त्या बटेला लावून बघायची. मला म्हणायची, "आपले जळले तर चालते काकू, लोकाच्या पोरीचे नाही जळले पाहिजे." किती नवऱ्या तिच्या हातून सजून गेल्या, पण स्वतः ती आरशात बघायची ती फक्त त्या बटेपुरती.

नवरा लवकर गेला. समोरच्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा मांडून तिनं लेकीला, मयुरीला वाढवलं. मयुरीचे केस म्हणजे कुरळं रान! शाळेच्या दिवसांत रोज सकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "आई वं, दुखते!" आणि लगेच, "दुखू दे. तुह्या लग्नात असे करीन का लोकं पाहतच राहतील." तुम्ही म्हणाल, आया असं बोलतातच. पण ताईसाठी ते नुसतं बोलणं नव्हतं बरं का. तिनं लेकीला शब्द दिला होता.

मयुरी शिकली, नोकरीसाठी अमेरिकेला गेली, मुलगाही तिकडेच भेटला. दोघांना रजा मिळेना, कागदपत्रांची भानगड वेगळीच, म्हणून लग्नही तिकडेच ठरलं. दुसरी असती तर रडली असती. ही म्हणाली, "मंडप कुठीही घालू दे. केस मीच करणार."

मशीन तिकडे चालावी म्हणून आम्ही दोघी बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं दोन वस्तू पुढ्यात ठेवल्या. एक आगपेटीएवढा अडॅप्टर, दुसरं विटेसारखं जड खोकं.

"ताई, हा लहान फक्त पिन बदलवते," तो म्हणाला. "करंट बदलवायचा तर हे मोठं लागते. तिकडचा करंट आपल्यापेक्षा अर्धा राहते. नाही तर दोन्हीकडे चालते अशी नवी मशीन घ्या."

"नवीचा भरोसा कोण देईन? माहा हात माह्या मशीनवर बसला आहे." मग तिनं ते खोकं उचलून पाहिलं. "आणि हे नेऊ का पोरीचे पापड नेऊ?" आम्ही हसलो, दुकानदारही हसला. लहान अडॅप्टर घेऊन घरी आलो.

तिच्या पार्लरातला बोर्ड असा होता की त्यात कसलीही पिन बसायची. तिनं अडॅप्टर लावला, त्यात मशीन लावली, आपल्या नेहमीच्या बटेवर टेकवली. चर्र झालं.

"पाहा काकू! तापली का नाही? तो आपलं खोकं खपवून राहिला होता!"

मीही मान डोलावली. मशीनला वीज आपल्याच नागपूरची मिळत होती, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही.

व्हिसाला उशीर झाला आणि ती पोचली लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. तिथं पुन्हा तपासायचा प्रश्नच नव्हता, तपासूनच तर नेली होती. पुढचं तिनं परत आल्यावर सांगितलं, एका दमात, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं.

लग्नाच्या दिवशी मयुरी केस धुऊन खुर्चीत बसली. मशीनचा लाल दिवा लागला. ताईनं आधी आपल्या बटेला लावून पाहिली, तर कोमट. थांबली, पुन्हा लावली. कोमटच. मुहूर्त जवळ आलेला. तेवढ्यात मयुरीच्या मैत्रिणीनं आपल्या बॅगेतून तिकडची मशीन काढली. ताईनं हात पुढे केला. "आँटी, तुम्ही बसा. एवढा प्रवास झालाय. मी पटकन करते ना," ती पोरगी म्हणाली. मयुरीही म्हणाली, "हो आई, आराम कर तू." प्रेमानंच म्हणाली. ताईनं केसांच्या पिना तळहातावर घेतल्या आणि ती पोरगी मागेल तशी एकेक देत राहिली.

मयुरीला त्यात काही वाटलं नाही. वाटावं तरी काय? एक मशीन तापली नाही, दुसरी मिळाली.

परत आल्यावर ताईनं पार्लर उघडलं खरं. पण एक दिवस मी तिथं बसले असताना एक नवरी आली, खुर्चीत बसली, आणि ताई तापलेली मशीन हातात घेऊन नुसती उभी. शेवटी म्हणाली, "बेटा, दुसरीकडे जा तू."

पोरगी गेल्यावर मी रागावले. "काहून वं असं करून राहिली? हातचं काम जाईल अशानं!"

"हात उठतच नाही काकू. ज्या एका डोक्यासाठी एवढी डोकी केली, ते होऊन गेलं न."

मयुरी फोनवर सारखी बोलवायची, कायमची ये म्हणायची. ताईचं उत्तर एकच. "येऊन काय करू? तिथं माहं काय काम?" आम्ही गल्लीतल्या बायकांनी समजावलं, दटावलं, देवाची शपथ घातली. ती ऐकून घ्यायची आणि चहा ठेवायची. हळूहळू गिऱ्हाइकं तुटली. मग खुर्ची विकली, आरसा विकला, आणि ती काटोलला भावाकडे जायला निघाली.

बसस्टँडवर मी गेले होते. ती खिडकीशी बसली होती, मी खाली उभी. मला राहवलं नाही. म्हटलं, "पोरीला एकदा तरी सांगितलंस का वं, तुला काय वाटलं ते?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. बस चालू झाली तशी खिडकीतून वाकली.

"काय सांगू काकू? केस छानच दिसत होते तिचे. खरंच लय छान दिसत होते."