ठासणीच्या रायफलीचे वैरी

नळीत काजळी साचते, तसे माझ्या डोक्यात किस्से साचतात. काजळी निदान पुसता तरी येते! वराळ्याच्या पुढे आमचा छोटासा रायफल क्लब आहे. तिथे मी ठासणीची रायफल शिकवतो. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग कापडात गुंडाळलेली गोळी, मग गजाने ठासायचं. प्रत्येक बाराला पुन्हा पहिल्यापासून. माप तेच, दाब तोच, पुसणं तसंच, तर गोळी त्याच जागी जाते. एवढं एकच सांगतो मी. एवढंच कुणाला कळत नाही!

*

लोणावळ्याचे आमचे चिक्कीवाले शेठ दारू थेट डब्यातून ओततात. मग एक गोळी नेमाच्या वर, एक खाली. मी ओरडलो, "शेठ, माप कुठंय?"

"अहो सर, अंदाज पक्का आहे आपला!"

"कारखान्यात गूळ अंदाजाने घालता का?"

"छे, छे! काट्यावर! नाहीतर चिक्की बिघडेल ना!"

वर माझ्याकडेच बघतात, मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखं.

*

आंबीचे आबा वयाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणून दात-ओठ खाऊन गप्प बसतो. त्यांचा गज कधी हलका, कधी असा दणदणीत की दारूचं पीठ व्हावं. एके दिवशी मात्र माझा तोल सुटला. "आबा, दाब एकसारखा ठेवा हो! आज काय बिनसलंय?"

"सर, बांधावर मोजणीवाला आलता. चुलतभावानं बोलावला!"

आणि पुन्हा दणका. ती गोळी कुठे गेली, अजून सापडलेली नाही.

*

सोसायटीतला एक कॉम्प्युटरवाला व्हिडिओ बघून आला. एकाच सकाळी त्याने दारूचं माप, गोळी, कापड, तेल सगळं बदललं. नेम झकास लागला! माझ्याकडे नाचत आला.

"कशामुळे लागला?" मी विचारलं.

"तेच तर विचारायला आलोय, सर!"

एका वेळी एकच गोष्ट बदल, हे त्याला घसा फुटेस्तोवर सांगितलं होतं. डोंबल माझं!

*

आता भाजे गावची मंदा. आमच्यात खरी नेमबाज तीच. आठवडाभर रिसॉर्टवर चादरी बदलते, सुट्टीला रेंजवर. घरी रोज कटकट. शेवटी सासऱ्यांनी ठणकावलं, "औंदा राज्याच्या संघात निवड झाली तर ठीक. न्हाईतर बंदूक बंद!" पोरीने पावसाळाभर एकच रायफल धरली. माप ठरवलं, कापड ठरवलं, पुसण्याची पद्धत ठरवली. दसऱ्याच्या आधी तिच्या गोळ्या कागदावर एकमेकींना चिकटून बसायला लागल्या. रायफल पुसून तिने क्लबच्या कपाटात ठेवली. किल्ली आबांकडे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निवड चाचणी. मंदाने नळीत कापड घातलं, ते लालभडक निघालं! दुसरं लाल, तिसरं तेलकट. वेळ सुरू झालेली. तिने घाईने भरलं, घोडा ओढला. ठिणगी पाडणारी टिकली फुटली, पण बार उडेना. ठिणगी आत जाते त्या तळाच्या बारीक भोकात कुंकवाचा चिखल! सुईने टोकरत बसली. शेजारचे सगळे बार उडवत होते. भोक मोकळं होईपर्यंत शिट्टी वाजली. पोरीची एकही गोळी कागदापर्यंत पोचली नाही.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "कुणी केलं हे?"

शेठ घाबरले. "सर, शस्त्रपूजा आम्ही दोघांनी केली. पण मी फक्त बाहेरून हळदकुंकू वाहिलं. आत आबांनी..."

आबा छाती काढून उभे. "मग? द्येव काय फकस्त भायेरच असतो व्हय? तेलात कालवून चांगलं तळापातूर सोडलं. पोरीचं भलं व्हावं म्हनून!"

मंदाने कानावरचे मफ काढले आणि आबांच्या हातात कोंबले.

"ह्ये बी द्या तुमच्या द्येवाला. आन् आता राज्याच्या संघात बी त्यालाच धाडा!"