मामांची वीस पावलं

तिला सगळे मोजणीबाईच म्हणत. गॅरेजवाल्याची लेक, पण तेलात हात घालायचं सोडून ही संगणकात गाडी चालवायची. हायड्रोजन आणि हवेपासून वीज करणाऱ्या बसचा अख्खा संसार तिनं आकड्यांत मांडला होता. चढावर वीज किती लागेल, ती होताना पाणी किती सुटेल, थंडीत ते कुठं गोठेल, सगळं. बाप चिडवायचा, तुझ्या गाडीत बसवून मला एकदा बाजाराला ने की.

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. तिच्या मांडणीतली बस कडाक्याच्या थंडीतही सुरू व्हायची आणि डेपोतली खरी बस आठवड्यातून दोनदा सकाळी ढिम्म हलायची नाही. डेपोच्या साहेबांनी सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत मेळ बसवा, नाहीतर तुमची चार वर्षांची मांडणी गुंडाळून बाहेरची तयार आणू.

एक आकडा जरा वाकवला की मेळ बसत होता. दुसरी असती तर वाकवून मोकळी झाली असती. हिनं जेवणाचा डबा उचलला आणि डेपोतल्या बाकड्यावर ठाण मांडलं. चालक बघून बघून कंटाळले, ही हलेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बस धुणाऱ्या मामांनी गार पडलेली बस सुरू केली, वीस पावलं पुढं नेली आणि धुवायच्या नळीखाली लावून बंद केली.

"मामा, हे रोजचंच?"

"रोज कुठलं? चिखलाच्या रस्त्यानं आली तरच. आठवड्यातून दोनदा. आता त्याला काय कुणी फेरी म्हणतं का, बाई?"

कुणीच म्हणत नव्हतं. तीही नाही. तिच्या मांडणीतल्या फेऱ्या डेपोच्या फाटकापासून सुरू व्हायच्या. लांबच्या फेरीत बस तापायची आणि थांबताना आतलं पाणी फुंकून टाकायची. वीस पावलांत कसली तापते? पाणी आतच राहायचं आणि पहाटेपर्यंत त्याचा दगड व्हायचा.

शुक्रवारी तिनं साहेबांसमोर मामांची वीस पावलं, बस धुतल्याच्या तारखांसकट, मांडणीत घातली. पडद्यावरची बस अडली.

"बस सुरू होत नाही आणि तुम्ही हसताय?"

"खरी ज्या दिवशी अडली, त्याच दिवशी ही अडली साहेब."

साहेबांनी तारखा दोनदा ताडून पाहिल्या. मग गुंडाळायची भाषा कुणी काढली नाही. बस पाऊलभर हलली तरी पाणी फुंकूनच बंद व्हावी, असा बदल ठरला.

घरी बापानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तीन दिवस बाकड्यावर बसलीस, एखादा बोल्ट तरी आवळायचास." आणि शेजाऱ्याला सांगायला उठला.