माझ्या नावाने गेलेलं उत्तर

आधीच सांगते, खाली कमेंटमध्ये ‘बाई, तो मेसेज तुम्हीच पाठवला असेल आणि विसरला असाल’ असं लिहायचं असेल तर लिहू नका. हे वाक्य मी दीड वर्षात इतक्या जणांकडून ऐकलंय की आता माझं डोकंच फिरतं. वय बावन्न, सत्तावीस वर्षं नोकरी, चौथी ते सातवीला गणित आणि विज्ञान. भुताखेतांचं काही निघालं की मी वर्गातल्या पोरांना उभं करून झापते. देवाला मानते, रविवारी चर्चला जाते, पण देव मोबाईलमधून मेसेज पाठवतो असं आमच्या पाळकांनीही कधी सांगितलेलं नाही.

तर प्रकार असा. पाथर्डी तालुक्यातलं एक गाव, आठवीपर्यंतची शाळा. मी गावातच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. मिस्टर नगरला – आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला सवय नाही – आणि मी शनिवारी दुपारच्या एसटीने तिकडे जाते.

ऑफिसातला कॉम्प्युटर माझ्या ताब्यात असतो, कारण मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली शाळेत मी एकटीच. मोबाईलवर अंगठ्याने खुडखुड करणं मला जमत नाही. म्हणून मी माझा फोन त्या कॉम्प्युटरला जोडून घेतलाय. मेसेज आला की स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो, आणि मी दहा बोटांनी तिथूनच उत्तर देते. ‘मुलगा तीन दिवस गैरहजर आहे, उद्या पाठवा. कळावे.’ माझा प्रत्येक मेसेज ‘कळावे’नेच संपतो. स्टाफमध्ये त्यावरून माझी चेष्टा होते. फोनची बॅटरी जुनी. कॉम्प्युटरची वायर काढली की फोन पंधरा-वीस मिनिटांत मान टाकतो.

दिवाळीनंतरचा आठवडा होता. या भागातली निम्मी घरं त्या सुमाराला ऊसतोडीला जातात. शाळा सुरू व्हायच्या आधी, सव्वादहाला, मी ऑनलाईन माहिती भरत बसले होते आणि कोपऱ्यात मेसेज आला. सातवीतल्या अश्विनीच्या आईचा, कांताबाईचा. कांताबाईला लिहिता येत नाही. ती सांगते आणि अश्विनी टाईप करते.

‘मॅडम उद्या सकाळी आम्ही तोडीला निघतोय. सासूबाई वारल्या त्यामुळे अश्विनीला मागं ठेवायला कुणी नाही. तिला पण न्यावं लागतंय. शाळेतून नाव काढू नका. काही करता येईल का.’

‘काही करता येईल का’ म्हणजे काय, हे मला बरोबर कळलं. आदल्याच दिवशी अश्विनीची आजी गेल्याचा विषय निघाला तेव्हा आमचे आव्हाड सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, मॅडम, तुम्ही तर एकट्याच असता, ठेवा की पोरीला. मी म्हटलं होतं, मी काय वसतिगृह काढलंय? सगळे हसले होते.

अश्विनी गेली असती तर काय झालं असतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिकडे कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक करायचा, धाकटं भावंड सांभाळायचं, सहा महिने. परत येते तेव्हा पोरगी शाळेची राहिलेली नसते, आणि वर्षभरात लग्नाची पत्रिका हातात येते. अशा तीन मुली माझ्याच वर्गातून गेल्यात. मला हे माहीत होतं. तरी मी मेसेज वाचला आणि ती चौकट बंद केली. दुपारी बघू, म्हटलं. खरं सांगायचं तर दुपारीही बघायचं नव्हतं.

सव्वा वाजता लाईट गेली. कॉम्प्युटर बंद पडला. इन्व्हर्टरची बॅटरी गणपतीपासून खराब होती. मी फोनची वायर काढली, ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. दीडच्या सुमारास फोनही बंद पडला आणि तो माझ्या पर्समध्ये, पर्स वर्गातल्या टेबलावर. लाईट आली ती शाळा सुटताना. मधल्या वेळात मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते, आणि अश्विनी दुसऱ्या ओळीत समोरच बसली होती. त्या तासाला मी तिच्याकडे बघायचं टाळलं, हे मला स्पष्ट आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजलं. बाहेर कांताबाई, काखेत धाकटं लेकरू, शेजारी अश्विनी, हातात कपड्यांची पिशवी. पायापाशी बाजरीचं गाठोडं. रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर चालूच ठेवून उभा होता.

“मॅडम, काल तुमचा मेसेज आला आन माजा जीव भांड्यात पडला,” कांताबाई म्हणाली. “हिच्या बापाला मी रात्रीच सांगितलं, आता पोरगी न्हाई न्यायची.”

मी म्हटलं, कोणता मेसेज? तिने साधा बटणाचा फोन पुढे केला. माझ्याच नंबरवरून, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी –

‘अश्विनीला नेऊ नका. हंगाम संपेपर्यंत ती माझ्या घरी राहील. उद्या सकाळी आणून सोडा. कळावे.’

अंगाची लाही लाही झाली माझी. माझं नाव, माझा नंबर, माझं ‘कळावे’, आणि माझ्या घरात सहा महिने कोण राहणार हे ठरवणारा दुसराच कोणीतरी. तोंडावर आलं होतं की बाई, हा मी पाठवलेला नाही, घेऊन जा पोरीला. पण ट्रॅक्टरवरून बाप हाका मारत होता, आणि कांताबाईने डोळे पुसत लेकराला दुसऱ्या काखेत घेतलं. मी दारातून बाजूला झाले, एवढंच. अश्विनी आत आली.

शाळेत जाऊन मी पहिलं आव्हाड सरांना धरलं. वाट्टेल ते बोलले. ते बिचारे आधी हसले, मग चांगलेच चिडले. ऑफिसची किल्ली माझ्याकडे, फोन माझ्याकडे, लाईट नाही, आणि त्यांना त्या कीबोर्डवर स्वतःचं नावही टाईप करता येत नाही. तरी मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. आता त्याची लाज वाटते.

माझ्या फोनमध्ये तो मेसेज ‘पाठवलेले’मध्ये होता. वेळ तीच. पाथर्डीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे फोन आणि शाळेचा कॉम्प्युटर दोन्ही घेऊन गेले. त्याने तासभर खटपट केली. दुसरा कुठलाही कॉम्प्युटर जोडलेला नव्हता. तो म्हणाला, आधी लिहिलेला मेसेज कधीकधी उशिरा जातो. मी म्हटलं, अरे पण मी लिहिलाच नव्हता. त्यावर तो माझ्याकडे दया आल्यासारखं बघून म्हणाला, “मॅडम, कामाच्या गडबडीत व्हतं असं.” म्हणजे वर्गात अपूर्णांक शिकवता शिकवता, कुलपाच्या आतल्या बंद पडलेल्या मशीनवर मी टाईप करून आले? त्याला पैसे दिले आणि तशीच निघाले.

यावर कडी म्हणजे गावात माझं कौतुक सुरू झालं. मॅडमनी पोरगी वाचवली म्हणे. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला की तो मेसेज माझा नाही, तर लोक म्हणाले, मॅडमला मोठेपणा नको असतो. यापेक्षा कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

अश्विनी त्या हंगामात राहिली, यंदाही राहिली. आता आठवीत आहे. भाकरी माझ्यापेक्षा बरी करते, गणितात मात्र अजून चुकते. परवा तांदूळ निवडता निवडता, मी काही विचारलेलं नसताना म्हणाली, “मॅडम, मी आईला म्हनलं व्हतं, त्यांना नको इचारू. त्या न्हाई म्हनतेत. पर आईनं लिवायलाच लावलं.”

मी तिला म्हटलं, खडे नीट बघ.

दीड वर्ष मी एकच घोकतेय, की मला न विचारता माझ्या नावाने उत्तर देणारा हा कोण? स्पष्टीकरण आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा, तज्ज्ञ असाल तर नक्कीच. पण त्या मुलीचं वाक्य ऐकल्यापासून माझा राग कशावर आहे ते मला नीट कळलंय. मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते. हे त्या तेरा वर्षांच्या पोरीला माहीत होतं, आणि ज्याने तो मेसेज पाठवला त्यालाही.