करंजीसारखा धागा

मागाच्या खडखडाटात माणसं कमी बोलतात, म्हणून जे बोलतात ते लक्षात राहतं. वडगावात असे किस्से माझ्याकडं सहा महिन्यांतच ढीगभर साठले.

परदेशात कापडाचं शास्त्र शिकून मी येळ्ळूरला परतले, तेव्हा वाटलं होतं, विणकर नव्या धाग्याची वाटच बघत असतील. प्रत्यक्षात शेजारच्या वडगावचे विणकर आप्पा आपला शेवटचा माग भंगारात घालायला निघाले होते. मी हट्ट धरला, की आधी माझ्या धाग्याची एक साडी विणा, नाही जमली तर माग खुशाल विका.

आप्पा बरं म्हणाले. मग मी आकृत्या काढून समजावलं: एकाच धाग्यात दोन प्लॅस्टिक, एक आत, एक बाहेर. उष्णता लागली की बाहेरचं आधी वितळतं, आतलं टिकतं.

"म्हंजे करंजी," आप्पा म्हणाले.

आमच्या सरांना यासाठी दोन तास लागले होते!

*

कुठलाही धागा आप्पा आधी काडीनं पेटवून बघतात. माझाही पेटवला, वास घेतला, वितळलेली गोळी बोटांत चोळली. मी पिशवीतून प्रयोगशाळेचा रिपोर्ट काढला.

"ऱ्हाऊ दे," जळकं टोक दाखवत ते म्हणाले. "हितं लिवलंय की सगळं."

*

धागा इतका गुळगुळीत, की तुटल्यावर गाठच बसेना. मी धागा बनवणाऱ्या कंपनीला मेल लिहायला बसले. तेवढ्यात आप्पांच्या बायकोनं, आक्कांनी, पाणी तापवायच्या चुलीतली राख आणून त्यांच्या बोटांना लावली. गाठ बसली. मेल अर्धाच राहिला.

*

साडी झाली. आक्का पडल्या तेव्हापासून त्यांचा डावा हात उचलत नाही. दोन वर्षं निऱ्या आप्पाच घालून देतात आणि गल्ली त्यावरून त्यांना चिडवते. आक्कांनी नव्या साडीच्या निऱ्या त्यांच्याकडूनच घालून घेतल्या, खाटेवर पसरल्या आणि चापून बसाव्यात म्हणून वरून कडक इस्त्री फिरवली.

मी सगळं सांगितलं होतं, इस्त्रीचं तेवढं राहिलं होतं. निऱ्या एकमेकींना चिकटल्या, त्या ओढूनही सुटेनात. आप्पांनी भंगारवाल्याला फोन करून सकाळी टेम्पो घेऊन यायला सांगितलं.

मी रडकुंडीला आले. आक्का साडी उचलून आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या नेसूनच. निऱ्यांचा अख्खा गठ्ठा एका हातानं खोचला होता.

"ह्यास्नी हाक मारली न्हाय," त्या म्हणाल्या. "माझी मी नेसले."

सकाळी टेम्पो आला. आप्पा काही म्हणायच्या आत मी तो परत पाठवला, आणि पुढच्या साडीच्या निऱ्या मुद्दाम चिकटवायला आक्कांकडून इस्त्री मागून घेतली.