वैशालीच्या दातांमधली फट

सकाळी चहा गाळत होते, तेव्हा सुनीलचा फोन आला. "वैशाली गेली गं..." तो म्हणाला. मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता दीडेक महिना झाला.

वैशाली माझी घाटकोपरच्या शाळेपासूनची मैत्रीण. सुनीलशी लग्न करून मुलुंडला गेली आणि तिथल्याच एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. मालवणकडचं माणूस, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. साडी न घेता निघालेल्या गिऱ्हाइकालाही हसवूनच सोडायची. मग हिरड्यांचा आजार निघाला. उपचारांनी सूज उतरली, रक्त थांबलं, पण हिरड्या आक्रसल्या आणि समोरच्या दातांमध्ये दोन काळ्या, तिकोनी फटी दिसू लागल्या. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी पर्समधली टूथपिक काढून अगदी प्रेमानं तिच्यापुढे धरली. त्या दिवसापासून वैशाली तोंडावर हात ठेवून बोलू लागली. हसणं तर बंदच झालं.

शेवटी मीच तिला हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "टाळूतून थोडा मांसल भाग काढून हिरडीखाली सरकवता येतो. पण दातांमधलं हाड झिजलंय, त्यामुळे फट किती भरेल, सांगता येत नाही. नाहीतर दातांच्या कडेला फिलिंग लावून ती झाकता येईल. त्यात कापाकापी नाही."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. "झाकायला माझा हात आहेच ना," ती म्हणाली. "भरून बघूया."

ऑपरेशननंतरचे दिवस वाईट गेले. टाळूची जखम झोंबायची, गार पेजेशिवाय काही गिळवत नव्हतं. फोनवर मी बोलायचे, ती नुसतं "हं" म्हणायची. फुकट गेलं तर... ही भीती दोघींनाही होती.

काही महिन्यांनी ती माझ्या दारात उभी राहिली आणि चपला न काढताच तोंड उघडलं. "बघ ना नीट!" एक फट जवळजवळ बुजली होती. दुसरी अर्धीच. "डॉक्टर म्हणतात, उरलेली फिलिंगनं झाकू. मी म्हटलं, पुरे झालं. आता कुणी टूथपिक दिली तर ठेवून घेईन." आणि ती अशी हसली, की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

ती गेल्यावर सुनीलनं फ्रेमसाठी भाच्याच्या हळदीतला फोटो निवडला. वैशाली मान मागे टाकून हसतेय, असा. मी सोबत होते. फोटोवाला कॉम्प्युटरवर तो मोठा करत म्हणाला, "दातांमधलं ते काळं घालवू का? दोन मिनिटांचं काम."

सुनील म्हणाला, "नको. हात नका लावू."

तो फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये आहे. समोर बसलं की आधी आपल्यालाच हसू येतं... मग आठवतं.