निवदाआधीचं ताट

पंचगंगेचा पूल आला की मी एसटीच्या खिडकीची काच मागे सारतो. उसाचा हंगाम असला की गुऱ्हाळाचा वास आत येतो आणि पुण्यात नोकरी करणारा मी पुन्हा दप्तर पोटाशी धरून बसलेला शाळकरी शमुवेल होतो. या खेपेला निमित्त होतं सर्जेरावच्या नव्या वर्कशॉपचं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचं स्वतःचं पहिलं मशीन सुरू होणार होतं.

जुन्या सवयीनं मी थेट कागल स्टँडवर उतरलो. एमआयडीसीचा फाटा केव्हाच मागे गेला होता. रिक्षावाल्यानं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहून विचारलं, “पावणं, पंचतारांकित म्हंजे हाटेल न्हवं, कारखानं हाईत. म्हाईत हाय न्हवं?” “मी इथलाच आहे,” म्हटलं, तर म्हणाला, “मग ‘हाय’ म्हणा की!”

सर्जेराव आणि मी एका बाकावरचे. आमच्या घरी तेव्हा वीज नव्हती, म्हणून पाचवीपासून मी त्यांच्या सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) अभ्यास केला आणि पुष्कळदा तिथंच जेवलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीत त्या सोप्याचा वाटा मोठा आहे.

शेडमध्ये मशीनला झेंडूची माळ घातली होती. मला पाहताच सर्जेराव ओरडला, “आला! आता नारळ शम्याच फोडणार. ह्येनं गणितं शिकवली न्हसती तर मी आज म्हसरं राखत असतो.”

त्यानं सगळ्यांसमोर नारळ माझ्या हातात दिला. हा मान होता. कोल्हापुरात मान नाकारणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. पण पहिल्या नोकरीत ऑफिसच्या पूजेला मी असाच नारळ फोडला होता, केवळ लोक काय म्हणतील म्हणून. त्यानंतर कित्येक दिवस प्रार्थनेला बसलो की शब्द फुटत नसत. येशूवर माझा विश्वास आहे आणि दुसऱ्या पूजेत माझा हात खोटा पडतो, हे मला तेव्हा कळलं.

“सर्जा, मला जमणार नाही. तू फोड. मी इथं तुझ्याशेजारीच उभा राहतो.”

सर्जेरावचे चुलते म्हणाले, “अवो पावणं, नारळ हाय त्यो, बाँब न्हवं!” लोक हसले. सर्जेराव हसला नाही. “एका नारळानं तुजा देव रुसतोय व्हय रं?” म्हणत त्यानं नारळ माझ्या हातातून काढून घेतला आणि असा आपटला की पाणी माझ्या बुटांवर उडालं. मग तो माझ्याकडे न बघता पाहुण्यांत मिसळला.

आता जेवायला थांबू नये, असं वाटलं. मी दारापर्यंत गेलो, तोच सर्जेरावच्या आईनं, आक्कांनी, हाक मारली. “कुठं निगालास? बस खाली.”

समोर झाकलेलं ताट आलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार.

“आक्का, सर्जा रागावलाय.”

“रागावू दे की. तू जेव. निवद (नैवेद्य) दावायच्या आदीच काढून ठेवलंय तुजं.”

माझा हात थांबला. “तुम्हाला कसं माहीत?”

“पाचवीत तू पयल्यांदा आमच्यात जेवलास, तवाच तुज्या आईला इचारलंतं. ती म्हणाली, निवदाचं आमच्यात चालत न्हाई. मग परत्येक सणाला आदी तुजं ताट, मग देवाचं.”

इतकी वर्षं त्या सोप्यात बसून मी जेवलो आणि मला याचा पत्ताही नव्हता.

फाट्यापर्यंत सोडायला सर्जेराव आला. एसटी दिसली तेव्हा म्हणाला, “फुडच्या मशीनला बी न्हाईच म्हणणार व्हय?”

“न्हाईच.”

“बरं. पण यायचं मातुर.”

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात जरा ताठ बसलो होतो. इतक्या लोकांत आपण डगमगलो नाही, हे पुण्याच्या घरी आईला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. घरी आल्यावर सुरुवात ताटापासून केली.

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “त्या ताटापायी तिनं सासूची लई बोलणी खाल्ली रे. देवाच्या आदी मानसाला काढतीस, घराला बाधा आणतीस, म्हणून म्हातारी सणाच्या दिवशी सगळ्यांदेखत बोलायची. मी म्हटलंतं तिला, नगं वाढूस, पोरगं घरी जेवंल. तर म्हणाली, पोराला सणाचं उपाशी धाडू व्हय?”

नारळाची गोष्ट मग सांगायची राहूनच गेली.