चार तांड्यांचं वरचं कोर्ट आणि मी आवळलेलं कलम

माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. राळेगावच्या स्टँडवर कुणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच आहे, त्यापेक्षा हे बरं!

मी आमच्या बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. त्याआधी जन्मभर मास्तर. म्हणजे संशय घेणं हा माझा धंदाच की हो! पोरगं पोट दुखतं म्हणालं की मी आधी त्याची गृहपाठाची वही बघायचो.

आमच्या आसपास चार तांडे. प्रत्येकाचा नायक वेगळा, नसाब म्हणजे न्यायपंचायत वेगळी, नियमही वेगळे. आमच्याकडे लग्नात डीजेला बंदी. का? तर आमची मुलगी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून ढावलो गाते, रडत रडत. तेव्हा डीजे सुरू असला की पोरीचे नुसते ओठ हलताना दिसतात. माझ्या भाचीचा ढावलो असाच बुडाला. फार लागलं होतं मला ते.

पण बाकीच्या तांड्यांत बंदी नव्हती. तिकडची वरात डीजे घेऊनच यायची, आणि वर तोंड करून म्हणायची, "आमच्याकडं चालते!" झालं, भांडण सुरू.

माझी पुतणी कविता यवतमाळला वकिली शिकते. ती म्हणाली, "काका, युरोपात कितीक देशांनी आपापली कोर्टं ठेवली, अन् सगळ्यांच्या वर एक सामायिक कोर्ट बसवलं. खालच्या कोर्टाले शंका आली तं ते वर प्रश्न पाठवते. उत्तर आलं की सगळ्या देशांले लागू."

"अन् एखाद्या देशाचा कायदा आडवा आला तं?"

"तं तेवढ्यापुरतं वरच्याचं चालते."

मला पटलं. चारही नायकांना बोलावलं, वरची नसाब बसवायचं ठरलं. आणि शेजारच्या तांड्याचा भीमला नायक एका दमात "हो" म्हणाला!

आता तुम्हीच सांगा. जो माणूस चहालासुद्धा तीनदा नाही म्हणतो, तो लगेच हो म्हणेल? त्यातून महिन्यावर त्याच्या पोरीचं, संगीताचं लग्न. नक्की पाणी मुरत होतं!

म्हणून वरच्या नसाबीपुढे पहिला प्रश्न मीच पाठवला, लग्नात डीजे चालेल का? उत्तर आलं, चारही तांड्यांत बंद! त्या उत्तरातलं एकेक कलमही मीच आवळून घेतलं. ज्याच्या हातून डीजे वाजेल तो दोषी. लग्न कुणाचं, डीजेचा डबा कुणाचा, विचारायचं नाही. चुकून वाजला तरी सूट नाही. आणि दोषी नायक असला, तर त्यानं पंचांपुढे पगडी उतरवायची.

"मास्तर, इतकं काहून आवळून राह्यला?" भीमला म्हणाला. "चुकीले तरी जागा ठेव."

"चोरच चुकीले जागा मागते!" मी ठणकावलं.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून टेहळणीवर. वऱ्हाड आलं, डीजे नाही. जेवणं झाली, डीजे नाही. माझा संशय वाढतच चाललेला! एवढ्यात मांडवामागे एक टेम्पो दिसला. वर ताडपत्री, करकचून बांधलेली.

इकडेतिकडे पाहिलं आणि शिरलो आत. खुर्च्या, गाद्या, आणि गाद्यांमागे बॅटरीवर चालणारा, माझ्या छातीएवढा डबा. सापडला चोर!

ओरडणार होतो. पण म्हटलं, थांब. भीमला म्हणेल, बिघडलेला डबा हाय. पुरावा नको का? एक बटण दाबलं, निळा दिवा लागला. दुसरं दाबलं.

अख्खा टेम्पो हादरला हो!

आणि नेमका त्याच क्षणी मांडवात संगीताचा ढावलो सुरू झाला होता.

लोकांनी ताडपत्री ओढली तेव्हा मी गादीवर बसून, डब्याला मिठी मारून, बंद करायचं बटण शोधत होतो. टेम्पोचा ड्रायव्हर धावत आला. "अवो, हा डबा मारेगावच्या वाढदिवसाचा हाय! इथं निस्त्या खुर्च्या उतरवाच्या होत्या!" त्यानंच तो बंद केला.

समोर संगीता. गाणं अर्धवट, तोंड उघडंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी जीभ गप्प बसेल तर शपथ!

"मी आमच्या तांड्याचा नायक. माह्यावर आमचीच नसाब बसन!"

कविता पुढे आली. "काका, वरच्या उत्तरापुढं खालची नसाब नाही चालत. तुमीच मान्य केलं न?"

भीमला हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, मी सोडून दिलं असतं तुले. पण पहिल्याच खटल्यात नायक सुटला, तं उद्या हे कोर्ट कोण मानन?"

खरंच होतं ते. कोर्ट बुडालं असतं, आणि त्याबरोबर चारही तांड्यांतल्या पोरींचे ढावले. उतरवली पगडी, ठेवली मांडवातच बसलेल्या पंचांपुढे.

मग भीमला लेकीकडे वळला. "गा बाई, पयल्यापासून गा." तेव्हा कळलं, हा माणूस एका दमात "हो" का म्हणाला होता ते.

ती "याडी" म्हणून आईच्या गळ्यात पडली आणि गायली. सगळा मांडव रडला, मीही. लोक म्हणतात, मास्तर पगडीसाठी रडला. म्हणोत बापडे.

आता चारही तांड्यांत डीजे बंद आहे. वरची नसाब जोरात चाललीय, तिच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. गाड्या कुणी तपासत नाही. मांडवाच्या दारात अडवतात तो एकच माणूस.

"या मास्तर, बसा. मोबाईल इकडं द्या, अन् दोन्ही हात खिशात ठेवा!"